खिडकीतला हिरवा दिवा

उपग्रहावरून थेट घरात माहिती पोचवायची, तीही फुकट! बातम्या, हवामान, औषधांची माहिती, अख्खी पुस्तकं. एवढं आयतं मिळत असूनही कुणी वापरत असल्याचं कानावर येईना, तेव्हा घोडं नेमकं कुठं पेंड खातंय हे इंजिनिअरला काही केल्या उमगेना. या प्रकल्पासाठी त्याने जिवाचं रान केलं होतं. पण गंमत अशी, की वरून फक्त पाठवता यायचं. खाली कुणी घेतंय का, हे कळायची सोयच नव्हती. आता मोठ्या साहेबांनी निर्वाणीचं सांगितलं होतं, "रोज वापरणारं एक तरी घर दाखव, नाहीतर गाशा गुंडाळ."

म्हणून तो थोरल्या बहिणीकडे आला. ताई शिवणकाम करायची. तिच्या खिडकीत त्यानेच बसवलेला, उपग्रहाची माहिती पकडणारा डबा होता आणि डब्यावरचा हिरवा दिवा चक्क चालू होता. त्याचा जीव भांड्यात पडला.

"ताई, रोज काय काय वाचतेस गं?"

ताईने मशीन थांबवलं. "खरं सांगू? पहिल्या आठवड्यानंतर उघडलंच नाही."

"मग दिवा?"

"तू तिकडून पाठवतोयस म्हटल्यावर बंद कसा करू? बरं दिसतं का ते?"

तो पार चक्रावला. "अगं, पण वाचत का नाहीस? वाईट आहे?"

"वाईट कुठे? छानच आहे. पण तुझ्या डब्याला फोन जोडला की फोनचं नेट तुटतं. आता रडतखडत का होईना, इथे नेट येतं. लेक परक्या गावात एकटी. तिचा मेसेज आला तर मला कळायचा कसा?" ताईने दोरा तोडला. "तुझ्या डब्यात जगभरचं सगळं असतं रे. आपल्या माणसाचं काही नसतं. तुझंसुद्धा नाही."

इतक्या मीटिंगा झडल्या, आणि ही साधी गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नाही? की आली होती, आणि आपणच ऐकली नाही? त्याला आठवेना.

"साहेबांना माझं नाव सांग," ताई म्हणाली. "विचारलं तर मी म्हणेन, रोज वाचते."

त्याला भरून आलं, आणि रागही आला. कुणाचा, ते कळेना. "नको," म्हणत त्याने स्वतःच्या हाताने प्लग उपटला. दिवा विझला. ताईने मशीन पुन्हा सुरू केलं.

रस्त्यावर येऊन त्याने सहज मागे वळून पाहिलं. खिडकीत हिरवा दिवा पुन्हा लागला होता. साहेबांना दाखवायला हे घर धरायचं की सोडायचं, या विचारात तो तिथेच उभा राहिला.