विहिरीजवळचा जोड

प्रियदर्शनीच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावरची जमीन असंख्य त्रिकोणांची बनलेली होती. त्या जमिनीत काँक्रीटचे दोन पाइप एकमेकांत अडकवून पुरले होते आणि त्यांच्यामधल्या रबरी कडीभोवती तिचा सगळा प्रबंध आवळलेला होता. वरून ओझं सरकवलं की त्रिकोण रंग बदलत. पाइप सहसा मधोमध फुटत नाही, निखळतो तो जोडापाशी, हे तिला त्या रंगांनी शिकवलं होतं. तिचे मार्गदर्शक आनंद सर मात्र बेळगावच्या कॉलेजात पुन्हा पुन्हा एकच सांगत, "जमिनीनं सही करेपर्यंत हे नुसतं चित्र आहे."

जमीन घरचीच मिळाली. संकेश्वरजवळच्या तिच्या गावात पंचायतीनं गटाराचे नवे पाइप टाकले, ते तिचे थोरले चुलते भरमू यांच्या शेतवाटेखालून गेले. भराव पडण्याआधी तिनं एका जोडावर सेन्सर बसवले. त्या जोडाशेजारीच भरमूंची विहीर होती. वस्ती तिचंच पाणी पीत असे.

कॉम्प्युटरवरच्या मॉडेलमध्ये आधी तिनं नियमावलीत दिलेला प्रमाण ट्रक चालवला होता. जोड शांत राहिला. गेल्या आठवड्यात तिनं गावचं वाहन चालवलं : उसानं भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर. पुढचं चाक जोडापलीकडचा पाइप दाबून जाई आणि तो सावरतो न सावरतो तोच मागच्या ट्रॉलीचं चाक अलीकडचा पाइप दाबी. त्यात जोडाखालची माती सैल असल्याचं सेन्सर सांगत होते. ती सैल माती मॉडेलला दिल्यावर जोड लाल झाला. कडी एका बाजूनं सुटत होती.

तो लाल रंग मातीत खरा ठरला, तर प्रबंध पुरा होणार होता. आणि गटाराचं पाणी विहिरीकडे झिरपणार होतं. ही दोन वाक्यं तिनं आठवडाभर मनात एकमेकांपासून दूर ठेवली. मग उसाला तोड आली.

सकाळी भरमूंचा ट्रॅक्टर आणि भरल्या ट्रॉल्या वाटेच्या तोंडाशी उभ्या होत्या. ती बांधावर लॅपटॉप घेऊन बसली होती. सरांचा फोन येऊन गेला होता : "पहिली फेरी चुकवू नकोस."

"काय गं प्रिया, सोडू का गाडी?" भरमूंनी हाक दिली. "ड्रायव्हर इचारतोय, म्याडमची पूजा आटपली का?"

"थांबा आप्पा."

"का? यंत्र बिघडलं व्हय?"

"यंत्र चांगलंय. गाडी गेली तर जोड सुटंल. घाण पाणी हिरीत यील."

"तुला कसं ठावं?"

"कॉम्प्युटरवर बघितलंय. गेल्या आठवड्यात."

"आन् सांगतीस आज?" भरमूंचा आवाज चढला. "ऊस वाळाय लागलाय, टोळी बसून हाय, आन् हिला आज आठवलं!"

ड्रायव्हर ट्रॅक्टरवरूनच म्हणाला, "म्याडम, पाइप काचंचा घातलाय काय?" टोळी हसली.

भरमू विहिरीपाशी गेले, आत डोकावले. मग ओरडले, "हसताय काय रं? खोरी आणा."

जोड उघडा केला. खालून आणि दोन्ही अंगांनी मुरूम भरून, पाणी मारून जड धुमसानं ठोकून घट्ट केला. ऊन कलल्यावर ट्रॅक्टर निघाला. लॅपटॉपवरची सेन्सरची रेघ केसभर उचलली आणि पुन्हा आडवी झाली. तिनं घट्ट माती मॉडेलला दिली. त्यानंही तशीच निजलेली रेघ काढली. दोन्ही रेघा तिनं सरांना पाठवल्या.

"जुळतंय," सर फोनवर म्हणाले. "पण काही घडलंच नाही, प्रियदर्शनी. सुटणारा जोडही दाखवावा लागेल. आता आणखी एक वर्ष जाईल."

"दाखवते सर. कॉलेजच्या आवारात दोन पाइप पुरू. भराव सैल ठेवू. तिथं विहीर नाही."

"आणि ट्रॉल्या?"

भरमू विहिरीवर ओंजळीनं पाणी पीत होते. तिनं फोन कानापासून दूर धरला.

"आप्पा, हंगाम सरल्यावर ट्रॅक्टर बेळगावला आणशीला?"

"कशाला?"

"एक जोड मोडायचाय."

भरमूंनी ओल्या हातानं मिशी पुसली. "दिसभर सांधून घेतलास, आन् आता मोडाय बोलवतीस? डिझेल कुणाचं?"

"कॉलेजचं."

"मग मोडू की."