घट्ट शाईची आई

आमच्या ऑफिसात रोज सकाळी आम्हाला छापतात. त्याशिवाय हजेरी लागत नाही. कोरं यायचं, प्रिंटरच्या ट्रेमध्ये आडवं व्हायचं, पलीकडून नाकीडोळी नीट होऊन बाहेर पडायचं आणि कामाला लागायचं. छापण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार पावडरीबद्दल होती.

जुना प्रिंटर पावडरीचा. दुपारच्या चहापर्यंत आम्ही भुरभुरायला लागायचो. आमचे साहेब, खांबेटे, उन्हाळ्यापासून नुसत्या कडांवर दिवस काढत होते. चष्मा होता, चष्म्याच्या आत काही नव्हतं. प्रिंटर सांभाळणारा तांबोळी एकदा त्यांना म्हणाला, साहेब, तुमची मिशी पंख्याला लागलीय, काढून देऊ का. साहेबांनी वर पाहिलं आणि असू दे म्हणाले.

मला असू दे म्हणून चालणारं नव्हतं. माझी दुर्वा ऑफिसच्याच पाळणाघरात असते. आईचा चेहरा जुळल्याशिवाय मूल द्यायचं नाही, असा तिथला नियम. नियम चांगलाच आहे, माझ्या हातात असतं तर मीही तोच केला असता. पण प्रिंटर कॉरिडॉरच्या या टोकाला आणि पाळणाघर त्या टोकाला. एखादं मूल न्यायचं राहिलं, की कॉरिडॉर लांबायचा. तो लांबला की चालणं वाढायचं, चालताना पावडर जास्त झडायची, झडलेला चेहरा जुळायचा नाही आणि मूल पुन्हा तिथंच राहायचं.

दुर्वा सोमवारपासून तिथं होती.

मी रोज संध्याकाळी जात होते. भिंतीला न घासता, मान न हलवता, वाऱ्याकडे पाठ करून. तरी दारात पोचेपर्यंत माझा बराचसा भाग फरशीवर सांडलेला असायचा. एका संध्याकाळी दुर्वाने माझ्या गालावर हात ठेवला, गाल तिच्या तळव्यावर गेला. तिने काळा तळवा बघितला आणि म्हणाली, "ही नाही."

पाळणाघर चालवणाऱ्या नलूमावशींना मी सांगितलं, मावशी, मीच आहे हो.

"असशील गं," त्या म्हणाल्या. "पण दिसत नाहीस ना."

दुसऱ्या दिवशी मी खांबेटेसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले आणि घट्ट शाईच्या प्रिंटरबद्दल सगळं सांगितलं. या शाईच्या वड्या येतात, साबणासारख्या. पावडर नाही, म्हणजे उडणं नाही, शिंका नाहीत. वडी वितळते, कागदावर बसते आणि तिथंच गोठते. रंग भडक येतात, साध्या कागदावरही. वडी संपून जाते, मागे रिकामं डबडं उरत नाही. साहेबांनी शंका काढल्या. ते यंत्र म्हणे सदा तापलेलं ठेवावं लागतं, बंद केलं की पुन्हा तापायला वेळ खातं. मी म्हटलं, तापलेलंच ठेवू. मग विजेचं काय, असं त्यांनी विचारलं.

मी विचारलं, "साहेब, घरी वहिनी तुम्हाला वाढतात कशा सध्या?"

त्यांनी कागद पुढ्यात ओढला. "अंदाजाने," ते म्हणाले, आणि त्यांनी सही केली. सही उमटली नाही, पण मंजूर झाली.

प्रिंटर आला. चार रंगांच्या चार वड्या, प्रत्येकीचा आकार वेगळा, त्यामुळे एकीच्या खाचेत दुसरी जातच नाही. चुकीची वस्तू चुकीच्या जागी बसत नाही, असं आमच्या ऑफिसात पहिल्यांदाच घडत होतं. तांबोळीने वड्या बसवल्या आणि खोलीभर बालवाडीतल्या रंगखडूंचा वास सुटला. तांबोळी 'प्रत' या शब्दाला 'परत' म्हणतो. किती परत काढू, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, एकच, पण पक्की.

मी ऊन ऊन बाहेर पडले. भुवईवरून बोट फिरवलं तर भुवई बोटाखाली जाणवत होती, चांगली उठून आली होती. कुडत्याचा डाळिंबी रंग डाळिंबीच होता. मी मुद्दाम पंख्याखाली उभी राहिले. काही उडालं नाही. तांबोळी म्हणाला, ताई, तुम्ही तर लग्नाच्या फोटोतल्या दिसताय. मी त्याला म्हटलं, त्यापेक्षा बरी.

कॉरिडॉरला काहीतरी कळलं असावं. मी निघाले तसा तो माझ्या डोळ्यांदेखत लांबत गेला, खिडक्यांमधून खिडक्या निघाल्या. मी भिंतीला खांदा घाशीत चालले. मध्येच थोडी धावले. मान हवी तशी हलवली, एकदा मोठ्यांदा हसले. मागे वळून पाहिलं, फरशी स्वच्छ होती.

नलूमावशींनी अंगठा थुंकीने ओला केला आणि माझ्या गालावर जोरात चोळला. अंगठा बघितला. मग दुसऱ्या गालावर चोळला.

"सुटत नाही गं," त्या म्हणाल्या, आणि दार उघडलं.

दुर्वाने दोन्ही तळवे माझ्या तोंडावर ठेवले, घासले, उलटे करून पाहिले. गोरे होते. ती म्हणाली, "आई." मी तिला कडेवर घेतलं. इतक्या दिवसांत मला असं जिंकल्यासारखं वाटलं नव्हतं. पाळणाघरातल्या बाकीच्या पोरांनीही टाळ्या वाजवल्या.

मग तिला तो खेळ आवडला. तिने पुन्हा माझे गाल घासले, पुन्हा तळवे पाहिले, आणि कोणत्याही आवडलेल्या गोष्टीला म्हणते तसं खणखणीत म्हणाली, "आई, परत!"

लांब त्या टोकाहून तांबोळीचा तत्पर आवाज आला, काढतो, काढतो. यंत्र तापलेलंच होतं, त्याला वेळ लागला नाही.

ती कॉरिडॉरमधून आली तेव्हा मला तिचं कौतुकच वाटलं. चाल माझी, कुडतं डाळिंबी, कुठे एक ठिपका कमी नाही. नुकतीच छापलेली असल्यामुळे ती माझ्यापेक्षा जरा जास्त ऊन होती. दुर्वाने तिच्या गालाला हात लावला आणि तिच्याकडे झेपावली. मी दिली. मी मलाच देत होते, त्यात काही बिघडत नव्हतं. नलूमावशींनी दुसरीलाही चोळून पाहिलं आणि मान डोलावली.

"परत!" दुर्वा म्हणाली.

पुढची आली, ती आणखी ऊन. दुर्वा तिच्याकडे गेली. मग तिच्या पुढचीकडे. तांबोळी धावत्या यंत्रातच वड्या घालत होता, थांबावं लागत नव्हतं, हाही एक फायदाच. कॉरिडॉर आता लांबत नव्हता. तो आमच्याच गर्दीने भरला होता, या दारापासून थेट प्रिंटरपर्यंत, आणि आमच्यातल्या एकीचाही रंग उतरला नव्हता. एका कडेवरून दुसऱ्या कडेवर हसत हसत दुर्वा पुढे चालली होती. मी टाचा उंचावून पाहिलं. सगळ्यांत नवी अजून यंत्राबाहेर यायची होती. तिचे फक्त हात छापून झाले होते, कोपरापर्यंत, आणि ते पसरलेले होते.