सिस्टर बसायच्या ते स्टूल

बसा हो, उभ्याउभ्या ऐकू नका माझं. मी एक लोखंडी स्टूल. पुरुषांच्या वॉर्डात माझा अवघा जन्म गेला.

वेल्डरने मला घाईत जोडलं, म्हणून एक पाय आखूड राहिला. बसलं की मी डुगडुगतो. तरी मोठ्या सिस्टर माझ्यावरच बसायच्या. कामाचा डोंगर असला तरी ऑपरेशनच्या आदल्या दिवशी त्या मला ओढत पलंगाशी आणत, टेकत आणि साध्या भाषेत सांगत, उद्या काय कापणार, कुठे दुखणार, जाग आल्यावर काय नसेल. मग म्हणत, "आता तुम्ही मला सांगा, काय समजलं?" पेशंटच्या तोंडून ऐकल्याशिवाय उठत नसत. बसत जेमतेम दोन मिनिटं, पण पेशंट येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने सांगे, "सिस्टर केवढा वेळ बसल्या माझ्यापाशी!"

एकदा सलूनवाले काका आले, गळ्यातल्या गाठीसाठी. आवाज घोगरा, पण तोंड मिटतील तर शपथ!

"माणसाला खुर्चीत टेकवलं की तो आपोआप मोकळा होतो बघा," ते सिस्टरांना म्हणाले. "माझा तर धंदाच त्यावर चालला."

रोज संध्याकाळी ते परगावच्या नातीला फोनवर गोष्ट सांगत. राजाच्या मिशीत घरटं बांधणाऱ्या चिमणीची. अख्खा वॉर्ड कान देऊन ऐकायचा, मीसुद्धा.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सकाळी इस्पितळाचे मोठे साहेब फेरीवर आले. "नर्स बसलेली दिसली की नातेवाइकांना वाटतं, इथे कामच नाही. उचला ही स्टुलं." बाकीची अडगळीत गेली. मला दाराशी ठेवून माझ्या डोक्यावर पाण्याचा कॅन चढवला.

दुपारी सिस्टर हातात इंजेक्शनचा ट्रे घेऊन आल्या. उभ्यानेच विचारलं,

"काका, डॉक्टरांनी सगळं समजावलं ना?"

"हो हो. गाठ काढणार."

"मग झालं तर. घाबरू नका."

काका काहीतरी विचारायला उठून बसले होते. तोवर त्या पुढच्या पलंगाशी पोचल्या होत्या.

डॉक्टर काकांना नुसतं 'पूर्ण भाग काढावा लागेल' म्हणाले होते. बाकीचं सिस्टर सांगतील, असं डॉक्टरांनी गृहीत धरलं. सिस्टरांना वाटलं, डॉक्टरांनी सांगितलंय. गाठीबरोबर आवाजही कायमचा जाणार, हे काकांना कुणीच सांगितलं नाही. मी दाराशी डॉक्टरांचं आपसातलं बोलणं ऐकलं होतं, पण मला कुठली जीभ!

संध्याकाळी नातीचा फोन आला.

"आज दमलो गं बाळा. पिल्लं उडाली की नाही, ते मग निवांत सांगतो."

आणि त्यांनी फोन ठेवला. माझं काळीज तुटलं. लोखंडालाही काळीज असतं, ते तेव्हा कळलं.

ऑपरेशन उत्तम झालं म्हणे. जाग आल्यावर काकांनी हाक मारली. ओठ हलले, पुन्हा हलले. गळ्यावरची पट्टी चाचपत त्यांनी सिस्टरांकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, नुसता प्रश्न होता. सिस्टर औषधांच्या खोलीत जाऊन हमसाहमशी रडल्या.

नात आली. तिला अजून वाचता येत नव्हतं. "आजोबा, पिल्लं उडाली का?" काकांनी दोन्ही तळवे फडफडवले.

"म्हणजे उडाली? की पडली?"

काकांनी पांघरूण तोंडावर ओढून घेतलं.

घरी जायच्या दिवशी साहेब हसतमुखाने आले. "काय काका, आमच्या सेवेवर खूश ना?"

काकांनी हात उचलला आणि माझ्याकडे बोट दाखवलं.

"पाणी हवंय त्यांना. द्या रे कुणीतरी!"

काकांनी जोरजोरात नकारार्थी मान हलवली. पुन्हा बोट माझ्याकडेच. तेवढ्यात हातात पेला आला. सिस्टरांना मात्र कळलं, बोट कॅनकडे नव्हतं. त्यांनी तोंड फिरवलं. काका मुकाट्याने पाणी प्यायले आणि गेले.

मी अजून दाराशीच आहे. कॅन ठिबकतो, मी गंजतोय. गंजू दे. पण कुणीतरी हा कॅन खाली उतरवा हो! खिडकीजवळच्या माणसाचं उद्या ऑपरेशन आहे, आणि तो मघापासून उठून बसलाय.