प्रश्न नसेल तर संमती

वेंडेलची पिकअप मी दर रविवारी सुरू करते. बॅटरी उतरू नये म्हणून, असं शेजारणीला सांगते. खरं म्हणजे आत बसलं की त्याचा वास येतो, ग्रीसचा आणि स्वस्त साबणाचा, आणि त्यासाठी मी आठवडाभर वाट बघते. माझा नवरा जर्मनीतल्या हवाई तळावर मेकॅनिक आहे. लग्न झाल्यापासून बहुतेक संसार आम्ही फोनवरच केला.

मी वॉशिंग्टनला, सिनेटच्या एका समितीच्या कचेरीत काम करते. वेंडेल ज्या विमानांचे नटबोल्ट आवळतो, ती अणुबॉम्ब वाहू शकतात. अशी विमानं परदेशातल्या तळावरून हलवायची किंवा बदलायची तर संरक्षण खात्याला आधी आमच्या समितीला कळवावं लागतं. मग ठरलेली मुदत तो कागद आमच्याकडे पडून राहतो. समितीने लेखी प्रश्न विचारला, की उत्तर येईपर्यंत सगळं जागच्या जागी थांबतं. नाही विचारला, तर संमती. बोलण्याचा पगार खाणाऱ्या या इमारतीत गप्प बसण्यालाही एवढी किंमत आहे.

सप्टेंबरात कागद आला. वेंडेलची तुकडी जुन्या विमानांसकट मायदेशी परत येणार. पहिलं पान वाचून मला रडूच फुटलं. तशीच उठून आमच्या कचेरीच्या प्रमुखाकडे, प्रुइटकडे गेले.

"हे दुसऱ्या कोणाला तरी दे. माझा नवरा आहे यात."

"म्हणून तर तुझ्या टेबलावर ठेवलं," प्रुइट म्हणाला. "एक कागद तरी हसत वाच, लॉरेटा. एरवी प्रत्येकात खुसपट काढतेस."

"आणि यात निघालं तर?"

"चष्मा काढून ठेव. येऊ दे ना बिचाऱ्याला घरी."

तो मनापासून बोलत होता, आणि त्याचाच मला राग आला.

घरी जाताना नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी मोठी टर्की सांगून ठेवली. कपाटातल्या त्याच्या बाजूला माझे स्वेटर घुसले होते, ते हलवले. त्या आठवड्यात मी उगाचच गुणगुणत होते. मग उरलेली पानं वाचली.

जुनी विमानं ऑक्टोबरात निघणार होती. नवी यायची होती वसंतात. मधला सगळा हिवाळा त्या तळावर तसलं एकही विमान नाही. हे चुकून झालं की ठरवून, यजमान देशाला विचारलं का, एका ओळीनेही सांगितलेलं नव्हतं. हेच विचारता यावं म्हणून तर कायदा झाला होता.

मी चष्मा काढून बघितला. खरंच काढला. अक्षरं पुसट झाली, पण वाचलेलं मेलं पुसलं जाईना. कोणीतरी दुसऱ्याने विचारावं म्हणून मुदतीच्या शेवटच्या दुपारपर्यंत थांबले. कोणी विचारलं नाही. बाकी कोणी वाचलंच नव्हतं, तर विचारणार काय! मग मीच प्रश्न लिहून प्रुइटसमोर ठेवला.

"वेड लागलंय का तुला? उत्तर यायला अर्धं वर्ष जाईल."

"माहीत आहे."

"मग?"

"सहीला पाठव, प्रुइट. मी मागे घ्यायच्या आत पाठव."

समितीच्या अध्यक्षबाईंनी वाचून सही केली. मी टर्की रद्द केली आणि स्वच्छतागृहात जाऊन नळ सोडून रडले.

पुढच्या आठवड्यात वेंडेलचा फोन आला. आवाज पडलेला.

"आमचं परतणं थांबलं, लॉरे. बॅगसुद्धा भरली होती मी. तुमच्या तिथल्या कोणा शहाण्याने प्रश्न काढलाय म्हणे. अख्खा हँगर त्याला शिव्या घालतोय."

"आणि तू?"

"मी सगळ्यात मोठ्याने."

"मीच तो, वेंडेल."

 

"तू?" तो म्हणाला. "तुला... तुला मी नको होतो का घरी?"

"रोज हवा असतोस," मी म्हणाले. "रात्री कूस बदलली की हवा असतोस. घाल शिव्या, मला घाल. पण आत्ता फोन ठेवू नकोस."

त्याने ठेवला नाही. मी त्याचा श्वास ऐकत बसले.