चिमाबाईचे रविवार

चिमाबाईच्या वर्षश्राद्धाला रामजी मुंबईहून आला नसता, तर हैबतीचं बरं चाललं होतं. बरं म्हणजे बायको गेलेल्या माणसाचं जेवढं बरं चालतं तेवढं. सकाळी गुरं सोडायची, दुपारी भाकरी थापायची. ती एका अंगाने जळायची आणि दुसऱ्या अंगाने कच्ची राहायची. तीच खायची. पण चिमाबाई आपली होती आणि ती गेली, एवढंच ते दुःख होतं. त्यात दुसरं कोणी नव्हतं.

उमरठच्या वर, डोंगराच्या खांद्यावर त्यांची वाडी. श्राद्धाची पंगत अंगणात बसली होती. रामजी हा हैबतीचा चुलतभाऊ, वयाने थोडा लहान. जन्म मुंबईत वॉचमनकीत गेला, राहायला गावकीच्या खोलीत. वाडीतल्या लोकांनी वर्गणी काढून घेतलेली खोली, तिथे वाडीतला कोणीही पुरुष वळकटी टाकतो. हार घातलेल्या फोटोकडे बघत रामजी म्हणाला, "वयनीसारखं चालणारं माणूस नाय बघितलं मी. शिवडीच्या खाडीवर नेलंन मला. गुलाबी पाखरं दाखवलीन. इतकी वर्षं मुंबईत काढली, पण मला म्हाईत नव्हतं."

हैबती वाढत होता. हातातली खिरीची पळी तशीच राहिली.

"कुठं नेलंन?"

"शिवडीला. चालत. रविवार होता."

"चालायचं तर हितं डोंगर काय कमी हाय?" हैबती म्हणाला.

पंगत हसली. रामजीही हसला, पण मग का कोण जाणे, पानाकडे बघत गप्प जेवला. हैबतीने ते बघितलं. चोराच्या मनात चांदणं, असं त्याला वाटलं.

त्याला तसं वाटायला जुनं कारण होतं. चिमाबाईचं स्थळ पहिल्यांदा रामजीच्या घरी आलं होतं. पोरगा मुंबईला नोकरीला लागू दे, मग बघू, असं म्हणून रामजीच्या बापाने वर्ष मागून घेतलं. तेवढ्यात हैबतीच्या बापाने जाऊन सुपारी फोडली. ही गोष्ट वाडीत हसत सांगितली जायची आणि सगळ्यात जास्त हैबतीच हसायचा, कारण जिंकला तो होता.

आता गुरांमागे बसल्या बसल्या तो दुसराच हिशोब मांडू लागला.

अलीकडची काही वर्षं भात झोडून झालं की चिमाबाई मुंबईला जायची. मुलगा रितेश काळाचौकीला राहायचा. सून समीक्षा दुकानात कामाला, म्हणून नात दिशाला सांभाळायला चिमाबाई. शिमग्याच्या आधी परत. "तुमी पण चला ना एकदा," असं ती दरवर्षी म्हणायची. "आणि गुरं कोण बघल?" हे हैबतीचं ठरलेलं उत्तर. परत यायच्या दिवशी तो पोलादपूरच्या स्टँडवर जायचा. ती एसटीतून उतरायची, बोचकं डोक्यावर घ्यायची. तो विचारायचा, "काय केलंस मुंबईला?"

"काय नाय. पोरीला सांभाळली."

झालं बोलणं. मग तो पुढे, ती मागे. डोंगरात तसंच चालतात. पुरुष पुढे, हातात कोयता. साप-जिवाणू असेल तर आधी त्याच्या पायात येतं, कोळ्याची जाळी असेल तर त्याच्या तोंडावर बसते. बायको मागून. बोलायचं झालं तर मान न वळवता बोलायचं. सगळा संसार ते असे बोलत चालले होते. तिचं तोंड चालताना कसं दिसतं, हे हैबतीला सांगता आलं नसतं.

पण मुंबईचे रस्ते रुंद. तिथे दोन माणसं शेजारी शेजारी चालू शकतात. हा विचार त्याच्या डोक्यात शिरला तो निघेना. एकमेकांच्या तोंडाकडे बघत बोलत गेली असतील. हसली असतील. मला म्हणते पोरीला सांभाळली, आणि रामज्याला पाखरं दाखवते!

तो उठला आणि शेजारच्या चंपाबाईला म्हणाला, "गो चंपे, माझी गुरं बघशील का थोडे दिवस?"

"बघीन की. कुठं चाललास?"

"मुंबईला. नातीला भेटायला."

इतकी वर्षं गुरं बघायला माणूस मिळत नव्हतं, ते एका शब्दात मिळालं. हैबतीच्या ते लक्षात आलं, आणि त्याने ते बाजूला सारलं.

काळाचौकीच्या खोलीत पोचल्यावर त्याने धीर धरला नाही. समीक्षा चहा टाकत होती.

"सूनबाई, तुझी सासू रविवारी कुठं जायची गो?"

"फिरायला," समीक्षा सहज म्हणाली. "रविवारी मी घरी असायची ना. मग त्यांची पण सुट्टी. जेवण झालं की भांडी घासून पदर खोचायच्या आणि निघायच्या. दिवे लागायच्या आत परत. कधी लालबागचा चिवडा आणायच्या. कधी राणीच्या बागेतली कसलीतरी शेंग, दिशाला खेळायला."

"दर रविवारी?"

"हो. एकदा पार गिरगावला गेल्या होत्या चालत. रितेश केवढा ओरडला! तर म्हणाल्या, अरे, इथं चढ कुठं हाय दमायला?"

हैबतीने बशीत चहा ओतला. सुट्टी. चिमाबाईला सुट्टी असते, हे त्याच्या कधी ध्यानात आलं नव्हतं. वाडीत तिला सुट्टी कुठल्या वारी होती?

"आणि बरोबर कोण असायचं?"

"बरोबर? मला नाय माहीत, बाबा. मी कधी विचारलं नाय."

म्हणजे रामज्याच, हैबतीने मनाशी पक्कं केलं.

रविवारी तो रामजीच्या खोलीवर गेला. रामजी रात्रपाळी करून आला होता, डोळे तांबारलेले. "दादा, तू? हितं?"

"चल. जिथं जिथं तिला घेऊन फिरलास, ते सगळं दाखव मला."

"मी? मी कुठं घेऊन फिरलो? तिनंच मला नेलं. एकदा."

"चल म्हणतो ना."

दोघं निघाले. हैबती सवयीने पुढे. रस्ता रामजीला माहीत, पण पुढे हैबती. प्रत्येक नाक्यावर त्याला थांबावं लागे आणि मागे वळून न बघता तो विचारी, "वरती का खालती?"

"दादा, हितं वरती-खालती नसतं. डावीकडं."

"मग तसं सांग की."

पुढच्या नाक्यावर पुन्हा तेच. एका हातगाडीवाल्याने त्याला बाजूला ढकलला. "ओ काका, रस्त्याच्या मधी काय उभे राहता?" रामजीला हसू आलं. "तू माग्नं ये रे. हितं साप नाय कुठं."

हैबती मागे आला नाही, पण शेजारी आला. आता दोघं बरोबरीने चालू लागले आणि हैबतीच्या अंगाची आग आणखी वाढली. असंच चालले असतील. या बाजूला ती, त्या बाजूला हा.

रेल्वेवरचा पूल ओलांडला. पुढे ट्रकच्या रांगा, गोदामांच्या भिंती, तेलाचा वास. बाईमाणसाने यावं असं इथे काहीच नव्हतं. शेवटी रस्ता संपला आणि खाडी आली. ओहोटी होती. लांबवर चिखल पसरलेला आणि त्याच्याही पलीकडे एक फिकट रेघ, पिंजलेला कापूस सांडावा तशी.

"ती काय ती," रामजी म्हणाला. "त्या दिवशीपण अशीच लांब होती. वयनी म्हणाली, भरतीला जवळ येतात. पण मला ड्यूटीवर परत जायचं होतं."

"मग पुढच्या वेळी बघितली असशील."

"पुढची वेळ कुठली? सांगतो काय मगापासनं? मी या गोदामात ड्यूटीवर होतो. रविवारची ही बाई ट्रकांच्या मधनं एकटी चाललेली. म्हटलं, वाडीतल्या माणसासारखी चालते. बघतो तर वयनी! घाबरलो. म्हटलं, चुकलात का? तर म्हणाली, चुकायला काय झालं? गटाराचं पाणी जिकडं जातं तिकडं आले, की खाडी मिळाली."

"ते मीच शिकवलेलं तिला," हैबती घाईने म्हणाला. "धुक्यात वाट हरवली तर पाण्याच्या कडेनं उतरायचं."

"मला म्हणाली, तिच्या आयनं शिकवलं."

ते खरं होतं. तिला तिच्या आईनेच शिकवलं होतं. लग्नाच्या वर्षी धुक्यात गुरं हरवली, तेव्हा चिमाबाईनेच त्याला ओढ्याच्या कडेने खाली आणलं होतं. त्या दिवशी ती पुढे होती. वाडी जवळ आल्यावर तो पुढे झाला, लोकांनी बघू नये म्हणून.

"माझं काय काय बोलली?" त्याने विचारलं. ऐकण्यासाठी तो एवढ्या लांब आला होता ते हेच.

रामजी चुळबुळला. "बोलली की."

"काय?"

"म्हणाली... ह्यांना सांगू नका."

"का?"

"सोड ना, दादा."

"का म्हणाली ते सांग, रामज्या. शपथ हाय तुला तिची."

रामजीने खाडीकडे बघत सांगितलं, "म्हणाली, सांगितलं तर म्हणतील, चालायचं तर हितं डोंगर काय कमी हाय."

हैबतीला पंगत आठवली. हातातली पळी, हसणारी माणसं आणि पानाकडे बघणारा रामजी.

तो काळाचौकीला परत आला आणि चार दिवस कोणाशी नीट बोलला नाही. रामजी संशयातून सुटला होता. बरं वाटायला हवं होतं, तर उलटंच झालं. रामजी तिच्याबरोबर असता तर त्याच्याशी भांडता आलं असतं, त्याला दोन शिव्या हासडता आल्या असत्या. आता भांडायचं कोणाशी? ती एकटीच गेली होती, दर रविवारी, तिच्या खुशीने. बरोबर कोणी नको होतं. रामजी नको, आणि हैबतीही नको. त्याला त्या गटारांचा हेवा वाटला, ट्रकांचा वाटला, लालबागच्या चिवडेवाल्याचाही वाटला. त्या सगळ्यांनी तिला समोरून चालत येताना बघितलं होतं.

पुढच्या रविवारी जेवण झालं, समीक्षा भांडी घासायला बसली आणि हैबतीने चपला घातल्या.

"बाबा, रामजीकाकांना फोन करू का?" रितेशने विचारलं.

"नको."

नाक्यावर तो थांबला. वरती-खालती काही नव्हतंच. मग त्याने खाली बघितलं. कोणीतरी जिना धुतला होता, त्याचं पाणी फुटपाथच्या कडेने निघालं होतं. त्याच्या मागे तो निघाला. पाणी मोरीत गेलं की दुसरं शोधायचा. चहावाल्याचं, टँकरचं, मासे धुतलेलं. दोनदा चुकला. एकदा ते पाणी एका वाड्याच्या मागे जाऊन तिथेच मुरलं, आणि कुत्रं अंगावर आलं. तिच्याही अंगावर आलं असेल, असं वाटून त्याने त्या कुत्र्याला जरा जास्तच मोठा दगड मारला. लागला नाही.

खाडीवर पोचला तेव्हा भरती लागली होती. चिखल बुडत होता आणि जसजसं पाणी पुढे सरकत होतं तशी ती पाखरं काठाकडे येत होती. आली, आणखी आली. काठीसारखे पाय, वाकडी चोच चिखलात बुडवलेली. मधूनच एखादं पंख उघडायचं आणि आतला रंग दिसायचा. हळदीकुंकवाच्या करंड्याचं झाकण उघडावं तसा लाल.

रामज्याने हे बघितलेलं नाही, ही पहिली गोष्ट हैबतीच्या मनात आली. त्याला लांबची रेघ दिसली फक्त. हैबतीला मनापासून बरं वाटलं. आणि मग लक्षात आलं की चिमाबाईने बघितलं असणार. भरतीला जवळ येतात, हे तिला माहीत होतं. म्हणजे असा एक रविवार ती इथे उभी होती. तिने हे कोणालाच सांगितलं नाही. रितेशला नाही, समीक्षाला नाही, रामजीलाही पुरतं दाखवलं नाही.

म्हणजे आता हे दोघांनाच माहीत.

अंधार पडायच्या आत तो परतला. लालबागवरून वळसा घेऊन दिशासाठी चिवडा आणला.

शिमग्याच्या आधी तो पोलादपूरला उतरला. चंपाबाई बाजाराला आली होती, ती स्टँडवर भेटली. गुरं ठीक होती, एक गाय तेवढी आटली होती. दोघं वाडीच्या रस्त्याला लागली.

"काय बघितलंस रे मुंबईत, हैबती? रामजी फोनवर म्हणत होता, फिरायला जातोस."

"रामज्याला काय कळतंय?" हैबती म्हणाला.

"पण केलंस काय इतके दिवस?"

हैबती थोडा वेळ चालला. मग म्हणाला, "काय नाय गो. पोरीला सांभाळली."