सातवी चौकट

खिडकीच्या चौकटीतल्या पितळी खिळ्याचं बटणाएवढं डोकं, त्यावर कोरलेला चार... टेसनं अंगठ्याला थुंकी लावून तो आकडा पुसला, अगदी डॅड पुसतात तसा, आणि खाली रोवेनाची शिडीवरची पकड घट्ट झाली. थुंकी लावायला हिला कुणी शिकवलं?

ऑक्टोबर अर्धा सरला होता. व्हरमाँटचा हिवाळा दाराशी येण्याआधी घराच्या प्रत्येक खिडकीवर बाहेरून दुसरी, हिवाळी खिडकी चढवायची असते — काचेची जड लाकडी चौकट. अशा अठरा. दोनशे वर्षांच्या घरात दोन खिडक्या कधी सारख्या नसतात, म्हणून प्रत्येकीला क्रमांक. जुन्या खिडक्या बदलायला जुनी घरं जपणारी गावाची समिती परवानगी देत नाही. दिली असती तरी डॅडनी त्या काढल्या नसत्या. चाळीस वर्षं हे काम दोघांचं होतं. डॅड शिडीवर, रोवेना आत. ते वरच्या कड्या अडकवायचे, ती हात बाहेर काढून चौकट ओढून घ्यायची, खालचे हूक लावायची आणि काचेवर दोनदा टकटक करायची — लागली. मध्ये एक काच, पलीकडे त्यांचा चेहरा. वर्षभर गप्प राहणारा तो माणूस त्या एका दिवशी इतका जवळ यायचा, की...

मी चढू का वर? बाराव्या वर्षी विचारलं होतं. मग तिशीत. मग एकदा पन्नाशीत, हसत, जणू गंमत म्हणून.

"शिडी तुझं काम नाही, रो."

आज शिडीवर टेस होती. वॉरनची, धाकट्या भावाची बायको, या घरात येऊन जेमतेम दीड वर्ष झालेली. आत, रोवेनाच्या जागी, एक्क्याऐंशी वर्षांचे डॅड. टकटक त्यांची.

"एल्डन, झोपलात की काय?" टेस ओरडली. सासऱ्याला नावानं हाक... सगळ्याच सुना मारतात इथं, त्यात काही नाही. पण ते हसले. हसले!

"तोंड कमी चालव, हात चालव," ते आतून म्हणाले.

"रोवेना, सोडू नकोस हं शिडी! वॉरनला साधं अंडं उकडता येत नाही, उपाशी मरेल बिचारा."

"धरलीय," रोवेना म्हणाली.

पाचवी, सहावी. मग उत्तरेच्या कोपऱ्यातली सातवी.

सातवीची डावी कडी झिजलेली. आधी उजवी बाजू अडकवायची, मग डावी; उलट केलं तर चौकट निसटते. हे जगात दोनच माणसांना ठाऊक. टेसनं डावी बाजू वर नेली. सांग. तोंड उघड आणि सांग तिला... मी सांगणारच होते. पण वाटलं, बघू या, डॅड सांगतात का. बघू या, हेसुद्धा त्यांनी हिला देऊन टाकलंय का.

आतून आवाज आला नाही.

चौकट वीतभर निसटली, टेसच्या खांद्यावर आदळली, शिडी थरथरली. उघड्या खिडकीतून दोन सुरकुतलेले हात झपकन बाहेर आले आणि त्यांनी चौकट पकडली. काच वाचली.

"अगं बाई, ही तर भलतीच नाठाळ!" टेस हसली, पण आवाज कापत होता. "एल्डन, आधी बोलायचं नाही का?"

डॅड वाकले. टेसकडे नाही, खाली रोवेनाकडे पाहत म्हणाले, "मला वाटलं, रो सांगेल. सातवी तिची."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. म्हणजे एवढी एक गोष्ट त्यांनी माझ्यासाठी राखून ठेवली होती, आणि मी... की ते विसरले होते, आणि आता माझ्या नावाआड लपत होते? तिनं त्यांचे डोळे शोधले, पण काचेवर नुसतं आभाळ होतं, आणि विचारायचं तर आधी स्वतःचं गप्प राहणं कबूल करावं लागलं असतं.

"आता उजवी आधी ना?" वरून टेसनं विचारलं. रोवेनालाच विचारलं.

"हो," ती म्हणाली. "उजवी आधी."

सकाळपासून जिच्या पाठीवरून नजर हटली नव्हती, ती टेस आता तिला दिसतच नव्हती. हातात फक्त शिडीचं थरथरणं होतं, आणि ते वरून खाली येतंय की आपल्याच हातांतून वर जातंय, हे ठरवायची रोवेनाची तयारी नव्हती.