खालची मूठ

मी करवत बोलतेय. सुताराच्या पिशवीत मावते ती नव्हे. ती माझी धाकटी बहीण, तिला एकच हात पुरतो. मी पुरुषभर लांबीची, दोन माणसांची करवत. एक माणूस वर ओंडक्यावर, एक खाली खड्ड्यात, तेव्हा कुठे मी चालते. सध्या मी नागावच्या एका घराच्या पडवीत टांगलेली आहे आणि माझ्या वरच्या मुठीला कपडे वाळत घालायची दोरी बांधतात. ओली लुगडी अंगावर ठिबकतात आणि मी गंजते. तक्रार कोणाकडे करणार?

चौलच्या बाबाजींनी मला मुंबईहून आणलं, ते साल बावीस असावं. रेवदंड्याच्या बंदरात उतरले तेव्हा मी नुसतं पातं होते. वरची मूठ बाबाजींनी बसवली ती कायमची. खालची मूठ मात्र सुटी असते. ओंडका पुढे सरकवायचा झाला की मला चिरेतून वर ओढून काढावं लागतं, तेव्हा खालची मूठ काढतात आणि मग पुन्हा पाचर ठोकून बसवतात. म्हणून ती मूठ खालच्या माणसाची. तो आपल्या तळहाताच्या मापाने ती करतो आणि संध्याकाळी कमरेला खोचून घरी नेतो.

बाबाजी गेल्यावर त्यांचा मुलगा दादू वर उभा राहू लागला. खाली असायचा नागावचा धर्मा. त्याची मूठ चिंचेच्या लाकडाची होती, घामाने काळी झालेली. सकाळी धर्मा नारळीच्या वाड्यांमधून चालत यायचा आणि दादूच्या अंगणात आधी चहा आणि मग काम, असा त्यांचा शिरस्ता होता. मला त्या दोघांशिवाय जग ठाऊक नव्हतं.

काम सुरू कसं करायचं हे या दोघांकडून शिकावं. खड्ड्यावर दोन जाड वासे आडवे, त्यांवर ओंडका. तो लोळू नये म्हणून दोन्ही अंगांना पाचरा. मग कावेत बुडवलेलं सूत या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणायचं आणि मधोमध उचलून सोडायचं, की लाकडावर तांबडी रेघ उमटते. माझ्या दातांवर कानस फिरायची, अंगाला उंडीचं तेल लागायचं. एवढं नटवून झालं की दादू मला रेघेच्या टोकावर टेकवी आणि पात्यावर नखाने दोन टिचक्या मारी.

त्या टिचक्या माझ्या अंगातून खाली उतरत. धर्मा मूठ घट्ट बसली का पाही, पाय रोवी आणि खालून दोन टिचक्या परत देई. उत्तर आल्याशिवाय ओढायचं नाही, हा बाबाजींचा नियम. तोंडाने का नाही विचारायचं? अहो, माणूस तंबाखू मळत असला तरी तोंडाने ‘व्हय’ म्हणतो. टिचकी मारायला हात मुठीपाशीच असावा लागतो.

पण बाबाजींचा आणखी एक नियम होता. करवत ज्याच्या घरची, तोच ओंडक्यावर उभा राहणार. वरच्याने रेघ सांभाळायची, वारा खायचा, खाडीत शिरणारी गलबतं बघायची. खालच्याने ओढायचं आणि वर बघायचं, आणि वर बघितलं की माझ्या दातांतून पडणारा सगळा भुसा त्याच्या डोळ्यांत. धर्मा कपाळाला फडकं गुंडाळी, पण फडकं काय काय अडवणार?

“दादू, जरा दमानं घे. भुसा येतोय,” तो खालून म्हणे.

“भुसा येनारच. रवा येनार हाय काय?” दादू वरून हसे. धर्माही हसायचा. मीही त्या हसण्यात सामील व्हायचे, कारण तोवर मला त्यात काही वावगं दिसत नव्हतं.

पुढे पुढे धर्माचे डोळे कायम लाल राहू लागले. मूठ बसवताना त्याची बोटं माझं टोक चाचपडू लागली. हे माझ्याशिवाय कोणाला कळलं नाही, आणि मला जीभ नाही, नुसते दात.

मग एका दसऱ्याला माझी पूजा झाली. हळदकुंकू, झेंडूची माळ, सगळा थाट. दुसऱ्या दिवशी एका होडीच्या फळ्यांसाठी सागाचा मोठा ओंडका चिरायचा होता आणि तो बघायला होडीचा मालक हरेश्वर आपली माणसं घेऊन आला होता. धर्मा खड्ड्यात उतरला नाही. तो ओंडक्यापाशी उभा राहिला आणि म्हणाला, “दादू, आज म्हूर्ताचा पयला ओढा मला वरनं मारू दे. एकदाच. नजर हाय तवर ती रेघ वरनं बघू दे.”

दादूने हरेश्वरकडे बघितलं, त्याच्या माणसांकडे बघितलं. “खुळा झालास काय?” तो म्हणाला. “करवत कुनाच्या घरची? तू खाली हो.”

धर्मा खाली उतरला. दिवसभर ओढत राहिला. संध्याकाळी त्याने पाचर सैल केली, मूठ काढली, फडक्याने पुसली आणि रोजच्यासारखी कमरेला खोचली. दुसऱ्या दिवशी दादूने मला रेघेवर टेकवून टिचक्या मारल्या, कारण धर्मा थेट खड्ड्यात उतरला असेल अशी त्याची समजूत होती. खालून उत्तर आलं नाही. दादूने पुन्हा टिचक्या मारल्या. मग वाकून पाहिलं. खड्ड्यात नुसता कालचा भुसा होता.

आता माणसाने लगेच नागावला जावं की नाही? पण नाही, दादूचं नाक वर. त्याने चौलच्याच विठोबाला खाली उभं केलं. विठोबाने घाईघाईत आंब्याची मूठ केली, ती माझ्या टोकावर कधी नीट बसली नाही. टिचकीला तो ‘व्हय, व्हय’ असं तोंडाने उत्तर द्यायचा. एकदा ओढता ओढता ती मूठ निसटली, मी उसळले आणि दादू ओंडक्यावरून खाली आदळला. विठोबा काम सोडून गेला. त्याच्यानंतर आलेलेही गेले. शेवटी दादूने मला घराच्या आढ्याला टांगलं आणि मी खालची मूठ गमावून, म्हणजे अर्धा जीव गमावून, तिथे लटकून राहिले. कोणी पात्याला बोटसुद्धा लावत नसे. त्या दिवसांत मला फार एकटं वाटलं. त्या खालच्या टोकाला रिकामं रिकामं वाटे.

अशी काही वर्षं गेली. एकदा दादूची बायको ठमाबाई नागावला लग्नाला जाऊन आली. जेवायला वाढताना म्हणाली, “धर्माभावजी भेटले. त्यांना आता काय बी दिसत न्हाय. मला आवाजावरनं वळखलं.”

दादूचा घास हातातच राहिला.

“तुमचं इचारत व्हते,” ठमाबाई म्हणाली. “पडला व्हता तं लागलं काय म्हनून.”

दुसऱ्या दिवशी दादूने मला खाली काढलं, तेल लावलं आणि खड्ड्यापाशी नेलं. मला वाटलं, कोणी नवा माणूस आला असेल. पण दादू स्वतःच मला घेऊन खड्ड्यात उतरला. आत पालापाचोळा साचला होता. तिथे उभा राहून तो बराच वेळ वर बघत राहिला. मग त्याने माझ्या खालच्या टोकाला दोन टिचक्या मारल्या. वर कोणी नव्हतं, उत्तर कोण देणार?

तसाच मला खांद्यावर टाकून तो नागावला आला. धर्मा याच पडवीत बसला होता. पावलं ऐकून त्याने मान वळवली.

“तुझी करवत आनलीय,” दादू म्हणाला.

“माझी कवापासनं?”

“आजपासनं. तुझ्या घरात ऱ्हाईल. आता नेमानं तूच वर.”

धर्मा उठला, चाचपडत आत गेला आणि मूठ घेऊन आला. चिंचेची, काळी. इतकी वर्षं त्याने ती टाकली नव्हती. त्याची सून गोदू बघतच राहिली. तिने आणि दादूने मिळून परसात पडलेल्या फणसाचं खोड लोटून विहिरीसाठी खणलेल्या जुन्या खड्ड्यावर आडवं केलं, पाचरा मारल्या, कावेचं सूत मारलं. धर्माने त्या रेघेवरून बोट फिरवलं. गोदूने त्याला हात धरून वर चढवलं. दादू खाली उतरला, त्याने धर्माची मूठ मला बसवली. ती बसताना माझ्या अंगातून जे काही गेलं ते मला सांगता येत नाही.

वरून दोन टिचक्या आल्या. खालून दोन गेल्या.

आम्ही चाललो. रेघ कधीच सुटली, चीर वाकडीतिकडी जात होती, पण कोणी थांबवलं नाही. भुसा दादूच्या तोंडावर पडू लागला. तो खोकला, डोळे चोळू लागला. “धर्मा, भुसा येतोय रं,” तो खालून म्हणाला.

मला वाटलं, आता धर्मा दादूचंच ते जुनं उत्तर देणार. त्याला हक्क होता. पण त्याने हात थांबवला आणि म्हणाला, “डोळे मीट, दादू. वर मी हाय. तू नुसता ओढ.”

ती माझी शेवटची चीर. अर्ध्यावरच दोघे दमले. त्यानंतर दादू अधूनमधून यायचा, दोघे पडवीत बसायचे. आधी धर्मा गेला, मागोमाग दादू. फणस तसाच अर्धा चिरलेला परसात पडून आहे.

अलीकडे गावाबाहेर कोणी तेलाच्या इंजिनावर फिरणारी गोल करवत आणली आहे. तिचा आवाज इथवर येतो. एकटा माणूस चाक फिरवतो आणि ती सुरू होते, कोणाला विचारत नाही. मला तिचा हेवा नाही. पण ती चालवणाऱ्या बाबांनो, सुरू करण्याआधी जरा थांबा. पलीकडे कोण उभा आहे, त्याच्या डोळ्यांत काय जातंय, ते विचारा आणि उत्तर येऊ द्या.

गोदूने माझी खालची मूठ काढलेली नाही. ती दोरी बांधायला येते तेव्हा तिच्या बांगड्या माझ्या पात्यावर आपटतात, टिक, टिक. दर वेळी मी अंग ताठ करते आणि खालून उत्तर यायची वाट बघते.